डोंबिवली ते चकाला: रोजचं जाणं-येणं नक्की कसं करावं?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं घरून काम केलं, आता ऑफिसने पाचही दिवस बोलावलंय, येत्या एक तारखेपासून. घर डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळ. साडेनऊला पोचायचं, सुटणार साडेसहाला. मणक्याचा त्रास आहे, फार नाही पण तासभर लोंबकळत उभं राहिलं की रात्री झोप लागत नाही. मुलगी सहावीत आहे.

मला दिसणारे पर्याय असे. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. किंवा दादरला उतरून वेस्टर्न लाईनची गाडी, अंधेरी, मग परत पूर्वेला रिक्षा. किंवा आमच्या भागातून एक खासगी बस निघते, महिन्याचे पैसे भरून सीट पक्की, ती शीळफाटा-ऐरोली-जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) करत जाते. नवरा म्हणतो सरळ गाडी घेऊन जा.

कमीत कमी वेळेचा रस्ता कुठला ते मॅप सांगतोच, ते विचारत नाहीये. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीशी धड बोलायची ताकद उरेल असा रस्ता कुठला, हे रोज जाणाऱ्यांकडून ऐकायचंय.

फलाट_क्रमांक_पाच:
घाटकोपर-मेट्रो. दुसरा विचारच करू नका.

शीळफाटा:
बसच्या नादाला लागू नका ताई. मी अकरा महिने अशाच एका बसने पवईला जात होतो. सीट पक्की असते, एसी असतो, पहिला आठवडा एकदम राजेशाही वाटतं. पण कल्याण-शीळ रोडवर एखादा ट्रेलर बंद पडला की तिथेच चाळीस मिनिटं, मग ऐरोलीच्या पुलावर, मग जेव्हीएलआरला सिग्नलची रांग. सकाळी कधी पावणेदोन तास तर कधी पावणेतीन. आणि बसमधून उतरून दुसरं काही पकडताही येत नाही कारण आजूबाजूला नुसता हायवे. लोकल रखडली तर निदान पुढच्या स्टेशनला उतरून काहीतरी करता येतं.

मरोळकर:
मेट्रो वनवर, म्हणजे घाटकोपर-वर्सोवा मेट्रोवर, रोज असतो म्हणून सांगतो. घाटकोपरहून निघालात की जागृती नगर, असल्फा, साकी नाका, मरोळ नाका, एअरपोर्ट रोड आणि सहावं चकाला. पंधरा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. हेच अंतर रस्त्याने साकी नाक्यावरून करून बघा, संध्याकाळी एक तासात झालं तर नशीब. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली त्याच्या आधी मी घाटकोपर ते मरोळ बसने जायचो, तेव्हाच्या आणि आत्ताच्या माझ्यात दहाहून जास्त वर्षांचा फरक असून आत्ता कमी दमतो.

फक्त एक, गाडी चारच डब्यांची आहे. दर तीन-चार मिनिटांनी येते तरी सकाळी साडेआठ ते साडेनऊ घाटकोपरला लोकलहून मेट्रोकडे नेणाऱ्या पुलावर माणसांचा लोंढा असतो. तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं नाही, कार्ड घ्या नाहीतर व्हॉट्सॲपवर तिकीट काढा.

निळी_छत्री:
@मरोळकर एक विषयांतर, नवीन भुयारी मेट्रो मरोळ नाक्यालाच जोडलीये ना? तिचा उपयोग होईल का यांना?

मरोळकर:
जोडलीये, पण ती आरे ते कफ परेड, म्हणजे उत्तर-दक्षिण. यांना पूर्व-पश्चिम जायचंय. उद्या यांचं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) हललं तर मात्र मरोळ नाक्याला बदलून थेट जाता येईल. माझी बायको चर्चगेटला जाते, ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा उघडला तेव्हापासून तिने लोकलचा पास काढलेला नाही. साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्टेशनं, एका शहराच्या पोटातून एवढं खणलं, मला अजून खाली उतरताना दरवेळी नवल वाटतं.

सारथी_दादा:
सगळे लोकल लोकल करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ठाण्याहून अंधेरी स्वतःच्या गाडीने जातो, सहा वर्षं झाली. माझी जागा, माझी गाणी, कोणाचा कोपर बरगडीत नाही. ताईंना पाठीचा त्रास आहे, त्यांनी गर्दीत धक्के का खायचे? ऑफिसमधले तीन जण मिळून कारपूल करा, पेट्रोल वाटून घ्या. आणि माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेतून ठाण्याला पोचणं पुष्कळ सोपं झालंय.

बाकावरची:
@सारथी_दादा ठाणे आणि डोंबिवलीत फरक आहे हो दादा. त्या पूर्वेला राहतात, आधी गाव ओलांडून पश्चिमेला जायचं मग पूल. आणि क्लच दाबून दाबून दोन तास, जाऊन येऊन चार तास, पाठदुखीला हे कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय? माझ्या नवऱ्याची पाठ घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गेली, लोकलमध्ये नाही.

सारथी_दादा:
ऑटोमॅटिक घ्या मग. पण ठीक, पूर्वेचा मुद्दा मान्य.

संख्यावेडा:
मी एक पद्धत सांगतो, स्वतः वापरलीये. नोकरी बदलली तेव्हा चार रस्ते होते, प्रत्येक रस्त्याने पाच पाच दिवस गेलो आणि घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतची वेळ वहीत लिहिली. स्टेशन ते स्टेशन नाही हं, दार ते खुर्ची. जिना, रिक्षाची रांग, सिक्युरिटी, लिफ्ट सगळं धरून. बहुतेक जण "गाडी चाळीस मिनिटं" एवढंच मोजतात आणि मग कळत नाही की पावणेदोन तास जातात कुठे.

आता महत्त्वाचं. सरासरी काढत बसू नका, पाचातला सगळ्यात वाईट दिवस बघा. कारण साडेनऊला पोचायचं असेल तर तुम्ही घरातून निघणार त्या वाईट दिवसाच्या हिशेबानेच, रोज. एक रस्ता दीड ते पावणेदोन तास घेतो आणि दुसरा सव्वा ते अडीच तास, तर कागदावर दोघं जवळजवळ सारखे दिसतील पण दुसऱ्या रस्त्यासाठी तुम्हाला रोज अडीच तास आधी निघावं लागेल. शीळफाटा भाऊंच्या बसचं नेमकं हेच झालं. लोकल-मेट्रोचं बरं असं की फरक पडला तर दहा-पंधरा मिनिटांचा पडतो, दोन्ही रुळांवर आहेत, कोणाचा ट्रेलर आडवा येत नाही.

शीळफाटा:
@संख्यावेडा अगदी अगदी. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर अकरा महिने वाचले असते.

कळव्याचा_कावळा:
आम्ही कळव्याचे लोक हा धागा वाचून नुसते डोळे पुसतो. तुमची डोंबिवलीहून सुटणारी गाडी तरी आहे, आमच्याकडे गाडी येते ती भरून येते, आम्ही फक्त तिचं दर्शन घेतो 🙏

बाकावरची:
😄 कावळेदादा, आमच्या डब्यात एक कळव्याची आहे, रोज चढते. कशी ते आम्हाला पण अजून समजलेलं नाही.

उंबरठाताई, लेडीज डब्याचं मी सांगते, एकोणीस वर्षं झाली मला. डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकडायची. फलाटावर दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं, आणि रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा. आठवड्यात चेहरे ओळखीचे होतात. तुमची पाठ दुखते हे दोघींना सांगून ठेवा, तिसऱ्या दिवसापासून कोणीतरी आपणहून हाक मारेल, अगं ये बस इथे मुलुंडपर्यंत. मला दिवस गेले होते तेव्हा सातव्या महिन्यात मी एक दिवस सुद्धा उभी राहिले नाही, आणि ज्यांनी मला जागा दिली त्यातल्या दोघींचं तेव्हा नाव पण माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीत मटार सोलून होतात, मुलांच्या शाळेचे प्रश्न सुटतात, दसऱ्याला डब्याला तोरण बांधतो. हा वेळ वाया गेला असं मला तरी कधी वाटलं नाही.

दुसरी_खिडकी:
दसऱ्याचा विषय निघाला म्हणून, आमच्या डब्यात पूजा होते आणि पेढे. मागच्या वर्षी रिटायर झालेले एक काका पास नसताना खास तिकीट काढून आले होते पूजेला. उतरताना दांड्यावरून हात फिरवला त्यांनी.

सायकलस्वार:
कोणी सायकल म्हणालं नाही अजून. चाळीस किलोमीटर नाही म्हणत मी, पण घर ते स्टेशन? पंधरा मिनिटं शेअर रिक्षा अधिक तिची रांग, त्यापेक्षा सायकलने आठ मिनिटं. स्टँडला लावायची.

उंबरठा:
@सायकलस्वार हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण पाठीला चालेल का ते विचारून बघते.
@बाकावरची वाचताना बरं वाटलं. मी कॉलेजला असताना लोकलने जायचे पण लग्नानंतर सवय मोडली, आता चढता येईल का याचीच धास्ती आहे.

फलाट_क्रमांक_पाच:
चढता येतं हो. पोहणं जसं विसरत नाही तसंच ते.

मूळचा_गिरगावकर:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. दिवसाचे साडेतीन-चार तास प्रवासात घालवायचे, म्हणजे आठवड्याचे वीस तास. घरच बदला. साकी नाका, मरोळ, घाटकोपर, कुठेही छोटं भाड्याने घ्या, डोंबिवलीचं घर भाड्याने द्या. वरचे पैसे पडतील ते वीस तासांची किंमत समजून द्यायचे.

निळी_छत्री:
मुलीची शाळा, सासू-सासरे, शेजारपाजार हे सगळं कुठल्या खात्यात मांडायचं? डोंबिवलीत माणसं घरासाठी राहत नाहीत फक्त.

मूळचा_गिरगावकर:
मुद्दा आहे. पण मी स्वतः उलटा अनुभव घेतलाय. आम्ही गिरगावातली चाळ सोडून बदलापूरला गेलो, वडील रिटायर होईपर्यंत रोज सीएसटी करत राहिले. मी त्यांना जागेपणी फक्त रविवारी बघितलंय, आणि त्यात मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, असला की ते दिवसभर खूष, कारण कुठे जायला नको. म्हणून बोलतो. मुलगी सहावीत आहे म्हणता, पुढची पाच-सहा वर्षंच ती घरात समोर असणार आहे.

उंबरठा:
हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. घर बदलणं आत्ता शक्य नाही, सासूबाईंचे उपचार इथे चालू आहेत. पण तुम्ही लिहिलंत ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

पासवाली:
पासाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तीन महिन्यांचा काढा, महिन्याच्या पासाच्या तिप्पट पडत नाही, थोडा कमी पडतो. फर्स्ट क्लासचा मोह होईल, पण सकाळी लेडीज फर्स्ट म्हणजे छोटासा भाग, तिथेही उभंच राहावं लागतं, आधी आठवडाभर बघा मग ठरवा. एसी लोकलचं असं की मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पासाला मात्र ती सूट नाही, त्यामुळे पास महागच पडतो. पण एसीचा पास असला की साध्या गाडीच्या फर्स्टमध्ये चालतो, आणि एसीचे दरवाजे बंद असतात, दारात लोंबकळायचा प्रश्नच नाही. वेळ तुमच्या सोयीची असेल तर पाठीसाठी विचार करण्यासारखं आहे.

दुसरी_खिडकी:
दरवाजाचं निघालं म्हणून कळकळीने सांगतो, एक गाडी सोडावी लागली तर सोडा पण दारात उभं राहू नका. जून २०२५ मध्ये मुंब्र्याला शेजारून दुसरी गाडी जाताना दारातली माणसं पडून जिवानिशी गेली. त्यानंतर आमच्या ग्रुपने ठरवलं, आत जागा नसेल तर सगळ्यांनी मिळून पुढची गाडी. दहा मिनिटं उशीर होतो. होऊ दे.

फलाट_क्रमांक_पाच:
+१. ऑफिसला आधीच सांगून ठेवा.

तिसरी_घंटा:
पावसाळ्याचं कोणी बोलणार की नाही? माझा अनुभव २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. मी साकी नाक्याला होते, म्हणजे तुमच्या ऑफिसपासून जवळच. तेव्हा मेट्रो नव्हती. दुपारी तीनला निघाले, घाटकोपरपर्यंत चालत, मग हायवेने चालत मुलुंड, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मावशीच्या घरी. रस्त्यात घराघरातून माणसं चहा, बिस्किटं, कोरडे टॉवेल घेऊन उभी होती, एका बाईंनी मला त्यांच्या चपला दिल्या कारण माझी एक वाहून गेली होती. त्या चपला परत द्यायला मी दोनदा गेले, घर सापडलं नाही.

आता मुद्द्याचं. पाऊस झाला की पाणी आधी भरतं कुर्ला, सायन, माटुंगा या पट्ट्यात. घाटकोपरला वळलात तर तो पट्टा तुमच्या वाटेत येतच नाही. दादरमार्गे गेलात तर दोन्ही वेळेला येतो. मेट्रो वरून जाते, तिला पाण्याचा त्रास कमी. गाड्या पूर्ण बंद पडल्या तर घाटकोपरहून घरी येणं अवघड आहेच, म्हणून मुलुंड किंवा ठाण्यात रात्री टेकता येईल असं एक घर आत्ताच विचारून ठेवा, आणि पर्समध्ये चार्जर.

उंबरठा:
@तिसरी_घंटा हे सोनं आहे. ठाण्याला नणंद आहे, आज रात्रीच बोलते.

दादरचा_जिना:
दादरची बाजू घेणारा कोणीच नाही म्हणून मी. दादर आता पूर्वीसारखं गोंधळाचं राहिलं नाही, डिसेंबर २०२३ पासून दोन्ही लाईनचे फलाट सलग एक ते चौदा झालेत, आधी दोन्हीकडे फलाट एक असायचा आणि नवीन माणूस भलत्याच गाडीत चढायचा. आणि संध्याकाळी दादरहून सुटणाऱ्या गाड्यांत बसायला मिळण्याची शक्यता असते, घाटकोपरला फास्टमध्ये पाय ठेवायला मिळत नाही. सकाळी मेट्रो, संध्याकाळी दादर, असं का नाही करत? जायचा आणि यायचा रस्ता एकच असावा असं थोडंच आहे.

बाकावरची:
मुद्दा चांगला आहे पण चकाल्याहून अंधेरी, अंधेरीहून दादर, मग पूल, मग डोंबिवली... सात-सव्वासातला दादरला पोचून घरी पावणेनऊ. त्यापेक्षा घाटकोपरहून स्लो पकडा. फास्टकडे बघायचंच नाही. डोंबिवली किंवा कल्याण स्लो, पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील पण आत शिरता येतं, मुलुंड-ठाण्याला जागा रिकामी होते आणि तिथून बसून घरी.

मरोळकर:
आणि ऑफिसशी बोलून बघा, साडेनऊच्या ऐवजी साडेआठ ते साडेपाच मिळतं का. मी हे केलं तेव्हा रस्ता तोच, गाड्या त्याच, पण घाटकोपरचा पूल ओळखू येत नव्हता इतका मोकळा. आपण सगळे कुठून जायचं यावर भांडतोय, कधी जायचं हे आधी ठरवलं पाहिजे.

संख्यावेडा:
@मरोळकर शंभर टक्के. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक रस्ता बदलून नाही, चाळीस मिनिटं लवकर निघून पडला होता.

निळी_छत्री:
धागाकर्त्या गायब? महिना झाला. काय ठरलं ते सांगा तरी.

उंबरठा:
गायब नाही, लोकलमध्ये होते 🙂 सगळ्यांना सविस्तर सांगायचं होतं म्हणून थांबले.

संख्यावेडांची वही केली. पहिला आठवडा बस. बसायला मिळालं, पण चांगला दिवस एक तास पन्नास, वाईट दिवस दोन तास पन्नास, आणि पाठ सगळ्यात जास्त याच आठवड्यात दुखली, खड्ड्यांमुळे. दुसऱ्या आठवड्यात मेट्रो, साडेनऊच्या वेळेला. दार ते खुर्ची एक तास चाळीस ते एक पंचावन्न. घाटकोपरच्या पुलावर मंगळवारी रडू आलं होतं, खरं सांगते. दादर दोनच दिवस केलं, जिन्यांनीच जीव घेतला, क्षमा असावी दादरचा_जिना.

मग मॅनेजरना भेटले. वही दाखवली. साडेआठ ते साडेपाच मिळालं, मान्य करायला त्यांना दोन मिनिटं लागली आणि मी चार दिवस घाबरत होते. आता सकाळी सातच्या आधीची, इथूनच सुटणारी गाडी. घाटकोपरला कुठल्या डब्यातून उतरलं की पूल समोर येतो ते कळलंय. मेट्रोत उभी असते पण पंधरा मिनिटांचंच काम. संध्याकाळी स्लो, बाकावरचींनी सांगितलं तसंच, ठाण्याला जागा मिळते. सव्वासात-साडेसातला घरात. सायकलला डॉक्टर नाही म्हणाले, पण सकाळी रिक्षाच्या रांगेऐवजी चालत जाते, पंचवीस मिनिटं, पाठीला उलट बरं वाटतंय.

मुलगी आता आठ वाजता गणिताची वही घेऊन येते. काल गणित राहिलं आणि आम्ही दोघी तिच्या वर्गातल्या भांडणाबद्दलच बोलत बसलो.

मूळचा_गिरगावकर:
वाचून फार आनंद झाला. मनापासून.

कळव्याचा_कावळा:
सातच्या आधीची डोंबिवली लोकल म्हणजे कळव्याला येते तेव्हा पुढच्या डब्यात हात हलवणारा मीच.

बाकावरची:
उंबरठाताई, एक विचारू? ती गाडी माझीच दिसतेय. मधला लेडीज डबा, दुसरा दरवाजा. सोमवारी तुमची बॅग कुठल्या रंगाची असेल?

उंबरठा:
अय्या! मोरपिशी. मी तर पुढच्या डब्यात चढत होते. सोमवारी मधल्या डब्याशी उभी राहते, सातला दहा कमी असताना.

बाकावरची:
या. खिडकीजवळची शिंदीण गावाला गेलीये, तिची जागा आठवडाभर तुमची.